काही मायक्रॉनांचा थर आणि मावळातील उद्योगांची कसोटी

तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, तेव्हा मावळ तालुक्याच्या औद्योगिक भवितव्याबद्दल शंका व्यक्त होऊ लागल्या होत्या. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सबरोबरचा विक्रीचा करार २०२२ मध्ये बारगळला. त्याच वर्षी वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत नेण्याचा निर्णय झाला आणि राज्यात राजकीय धुरळा उडाला. पुढे ह्युंदाईने हा बंद कारखाना विकत घेतला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. या साऱ्या घडामोडींची चर्चा गुंतवणुकीचे आकडे, जमीन, रोजगार आणि वाहतुकीची कोंडी यांभोवतीच फिरत राहिली. मोठ्या कारखान्याबरोबर कोणते तंत्र येते आणि त्यातील किती तालुक्यातील लहान उद्योजकांच्या व कामगारांच्या हाती लागते, हा प्रश्न मात्र मागेच पडला.

या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण म्हणजे धातूवर दिला जाणारा कठीण थर. जाडी अवघी दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. डोळ्यांना तो जेमतेम रंगावरून ओळखू येतो. पण कापणारे हत्यार किती काळ टिकते, इंजिनात किती इंधन घर्षणात जाते आणि कारखान्यामागच्या नाल्यात काय सोडले जाते, या तिन्ही गोष्टींशी या थराचा संबंध आहे.

सोनेरी ड्रिलमागचे विज्ञान

पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात गेल्यास साध्या पोलादी ड्रिलशेजारी सोनेरी रंगाची ड्रिल हमखास दिसतात. हा रंग शोभेसाठी दिलेला नसून तो टायटॅनियम नायट्राइड या संयुगाचा स्वाभाविक रंग आहे. हत्यारे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायस्पीड पोलादाची कठीणता व्हिकर्स मापावर साधारण साडेआठशेच्या घरात असते, हार्ड क्रोमची नऊशे ते हजार, तर टायटॅनियम नायट्राइडची दोन हजारांच्या पुढे. साहजिकच असा थर असलेले हत्यार साध्या हत्यारापेक्षा अनेकदा काही पटींनी अधिक काळ धार धरते.

हा थर देण्याची रीत पारंपरिक मुलाम्यापेक्षा अगदी वेगळी आहे. सुटे भाग आधी तेलाचा व ग्रीसचा मागमूस राहणार नाही इतके स्वच्छ धुतले जातात. मग ते एका पोलादी पेटीत लावून आतील हवा पंपांनी उपसली जाते. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दहा कोटीव्या हिश्शाच्या आसपास आणला जातो. त्यानंतर पेटीत थोडा आर्गॉन वायू सोडून त्याच्या अणूंना विद्युतभारित केले जाते. अशा विद्युतभारित अणूंनाच आयन म्हणतात. हे आयन वेगाने भागाच्या पृष्ठभागावर आदळतात आणि त्यावरील ऑक्साइडची नकोशी साय खरवडून काढतात. पृष्ठभाग असा उघडा झाला की टायटॅनियमची वाफ आणि नायट्रोजन यांच्या संयोगातून थर बसू लागतो.

या टप्प्यावरही आयनांचा मारा थांबत नाही, आणि तंत्राचे सारे मर्म येथेच आहे. रस्त्यावर खडी नुसती पसरली तर ती सैलच राहते. रोलर फिरल्यावर ती दाबून बसते. आयनांचा मारा रोलरचे हे काम अणूंच्या पातळीवर करतो. थरातील पोकळ्या बुजतात, तो घट्ट होतो आणि मूळ धातूशी त्याची पकड पक्की होते. एरवी ही घट्ट बांधणी मिळवण्यासाठी भाग खूप तापवावा लागतो. रासायनिक वाफेतून थर देण्याच्या जुन्या पद्धतीत तापमान हजार अंश सेल्सियसच्या जवळ जाते. हायस्पीड पोलाद साडेपाचशे अंशांच्या पुढे नरम पडू लागते आणि बेअरिंगच्या पोलादाला तर दोनशे अंशही फार होतात. आयनांची ऊर्जा उष्णतेची जागा काही प्रमाणात घेत असल्याने मूळ पोलादाचे पाणी न उतरता त्यावर कठीण थर चढवता येतो.

कारखान्यांत आज सर्वाधिक वापर होतो तो विद्युत ठिणगीने धातूची वाफ करणाऱ्या पद्धतीचा. त्यात वाफेतील बरेचसे अणू आयन बनूनच बाहेर पडतात. स्वतंत्र बंदुकीतून आयनांचा झोत सोडणारी पद्धत अधिक नेमकी असली तरी ती महाग व संथ आहे. म्हणून ती प्रामुख्याने प्रयोगशाळा, प्रकाशीय भिंगे आणि विशेष भागांपुरती राहिली आहे. तत्त्व मात्र दोन्हींचे एकच.

अंतराळयानापासून वस्तऱ्यापर्यंत

या तंत्राचा प्रवास मोठा रंजक आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेत हॅरॉल्ड कॉफमन यांनी १९६० च्या सुमारास आयनांचा रुंद झोत सोडणारे यंत्र विकसित केले ते अंतराळयानांना गती देण्यासाठी. पुढे त्याच घडणीच्या आयन बंदुका पातळ थर बसवण्याच्या कामी आल्या. १९६० च्या दशकातच डोनाल्ड मॅटॉक्स यांनी आयनांच्या माऱ्याखाली थर देण्याची पद्धत मांडली. १९७१ मध्ये सोल आयझेनबर्ग आणि रोनाल्ड शॅबॉट यांनी कार्बन आयनांच्या झोतातून एक नवाच थर तयार केला. त्याचे गुण हिऱ्याशी इतके जुळणारे होते की त्याला हिरासदृश कार्बन हे नाव पडले. डीएलसी या आद्याक्षरांनी तो आज कारखान्यांत ओळखला जातो.

सोनेरी थर कठीण आहे, तर हा काळा थर कठीण असून शिवाय गुळगुळीतही आहे. कोरड्या पोलादावर पोलाद घासले तर घर्षणांक ०.५ च्या वर जातो. डीएलसीच्या थरामुळे तो ०.१ च्या आसपास उतरू शकतो. दाढीच्या पात्यांवर १९९८ पासून आणि मोटारींच्या इंजिनात त्यानंतर हा थर सर्रास दिसू लागला. निसानने २००६ मध्ये इंजिनातील व्हॉल्व्ह लिफ्टरवर हायड्रोजनविरहित डीएलसीचा वापर सुरू केला. डिझेल इंजिनात इंधनाचा दाब दोन हजार बारच्या पुढे गेल्यावर इंजेक्टरच्या सुईवरही असाच थर अपरिहार्य ठरला.

घर्षण ही किरकोळ बाब नाही. केनेथ होल्मबर्ग आणि अली एर्देमिर या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातील एकूण ऊर्जावापरापैकी सुमारे २३ टक्के वाटा घर्षण व झीज यांच्या खाती जातो. त्यातील २० टक्के केवळ घर्षणावर मात करण्यात आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात खर्ची पडतात. इंधनासाठी आयातीवर अवलंबून असलेल्या देशाने या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

मावळाशी नाते

मावळाचा या विषयाशी असलेला संबंध दुहेरी आहे. पहिला संबंध मागणीचा. तळेगाव परिसरात वाहन उद्योग, त्याला सुटे भाग पुरवणारे कारखाने, त्यांच्या टूलरूम आणि जॉबवर्क करणारी शेडे यांचे जाळे आहे. शेफलर समूहाचा बेअरिंग व इंजिनाचे भाग बनवणारा कारखाना येथेच आहे. पूर्वी तो आयएनए बेअरिंग्ज या नावाने ओळखला जाई आणि २०१८ मध्ये शेफलर इंडियात विलीन झाला. इंजिनातील टॅपेटवर डीएलसीसारखा थर देऊन घर्षण कमी करण्याचे तंत्र ज्या कंपन्यांनी जगभर रुजवले, त्यांत हा समूह अग्रभागी आहे. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ निकष लागू झाले. त्यानंतर इंजिनातील भागांकडून अपेक्षित असलेली अचूकता आणि टिकाऊपणा दोन्ही वाढले.

घाटमाथ्यावर लोणावळ्यात १९४५ पासून आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. युद्धनौकांच्या गॅस टर्बाइन आणि डिझेल इंजिनांची देखभाल करणारे अधिकारी व नौसैनिक येथे घडतात. खारी हवा, गंज आणि झीज हे या मंडळींचे रोजचे वैरी. वाळू आणि धूळ खाणाऱ्या हेलिकॉप्टर इंजिनांतील कॉम्प्रेसरच्या पात्यांवर टायटॅनियम नायट्राइडचा थर देण्याची रीत जगात रूढ झाली, ती याच प्रकारच्या गरजेतून. म्हणजे ज्यांना या थरांची खरी किंमत कळते, असे दोन वर्ग एकाच तालुक्यात थोड्या अंतरावर नांदत आहेत.

दुसरा संबंध पाण्याचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि देहू-आळंदीकडे जाते. पवनाही मावळातच जन्मते आणि पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला होता. पाण्याचा विषय येथे किती जिव्हाळ्याचा आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यातील ५३ महाराष्ट्रातील होते. मावळाच्या खालच्या अंगाला असलेले इंद्रायणी आणि पवनेचे पट्टेही त्यात होते. या नद्यांच्या दुर्दशेत सर्वांत मोठा वाटा नागरी सांडपाण्याचा आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण औद्योगिक सांडपाण्यातील जड धातूंचा धोका वेगळ्या जातीचा असतो. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण काळाच्या ओघात कुजून जाते, धातू तसा नाहीसा होत नाही.

क्रोमच्या टाक्यांचे ओझे

धातूची झीज रोखण्यासाठी गेली कित्येक दशके वापरात असलेला उपाय म्हणजे हार्ड क्रोमचा मुलामा. भाग क्रोमिक आम्लाच्या टाकीत बुडवायचा, वीजप्रवाह सोडायचा आणि काही तासांनी चकचकीत कठीण थर घेऊन बाहेर काढायचा. स्वस्त, परिचित आणि भरवशाची अशी ही पद्धत. बनलेल्या क्रोमच्या थरापासून वापरणाऱ्याला अपाय नाही. धोका आहे तो टाकीत. तेथील द्रावणातले क्रोमियम षट्संयुजी रूपात असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे. टाकीवर काम करणाऱ्या कामगाराच्या श्वासात त्याचे तुषार जातात. भाग धुतलेल्या पाण्यातून ते बाहेर पडते. भारतीय नियमांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात षट्संयुजी क्रोमियमचे प्रमाण लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. त्यासाठी ते आधी रासायनिक प्रक्रियेने कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात आणावे लागते. मग त्याचा गाळ वेगळा करून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवावा लागतो. पुणे जिल्ह्यात असे सामायिक केंद्र रांजणगाव येथे आहे.

जगभर या टाक्यांभोवतीचा फास आवळला जात आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवानगीशिवाय क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये तेथील रसायन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमवर आणखी व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार शोभेच्या मुलाम्यासाठी २०२७ आणि हार्ड क्रोमसाठी २०३९ ही अखेरची वर्षे ठरवण्यात आली. परदेशी ग्राहकांना माल पुरवणाऱ्या कारखानदाराला हे नियम आपल्या देशाचे नाहीत म्हणून सुटका नाही. त्याच्या हाती पडणाऱ्या ऑर्डरच्या अटींतून ते येणारच आहेत.

रामबाण नव्हे

मग क्रोमच्या टाक्या मोडीत काढून सर्वत्र आयनांच्या पेट्या बसवाव्यात का? प्रश्न इतका सोपा नाही. आयनांच्या साह्याने दिलेला थर काही मायक्रॉनांचा, तर हार्ड क्रोमचा अनेक दशके, प्रसंगी शेकडो मायक्रॉनांचा असतो. झिजलेला शाफ्ट भरून काढून पुन्हा मापात आणण्याचे काम क्रोम करू शकतो, पातळ थर करू शकत नाही. वाफेतील अणू आणि आयन बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने खोल छिद्रांत आणि आडोशाला थर नीट पोचत नाही. पेटीत मावेल तेवढाच भाग घेता येतो. खालचा धातू नरम असेल, तर वरचा कठीण थर गादीवर ठेवलेल्या काचेसारखा तडकतो. पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहत असल्याने गंजापासून त्याचे संरक्षणही मर्यादित असते.

म्हणूनच जाणकार सरसकट बदलाची भाषा करत नाहीत. कापणारी हत्यारे, प्रेसचे पंच व डाय, प्लॅस्टिकचे साचे, इंजिनाचे सरकते भाग यांसाठी आयनांचे पातळ थर योग्य ठरतात. मोठे दांडे आणि हायड्रॉलिक रॉड यांच्यासाठी टंगस्टन कार्बाइडचा फवारा हा पर्याय पुढे आला आहे. काही ठिकाणी क्रोम आणखी काही वर्षे राहील. या वर्गवारीचे भान नसेल, तर पर्यावरणाच्या नावाखाली लहान प्लेटिंगवाल्यांना टाळे लागेल. काम मात्र दूरच्या, कमी देखरेखीच्या शेडात जाईल आणि नदीचे काहीच भले होणार नाही.

ज्ञान कोणाच्या हाती?

खरा पेच भांडवलाचा आणि ज्ञानाचा आहे. क्रोमची टाकी लहान उद्योजक स्वतः उभारू शकतो. आयन-थराचे यंत्र मात्र महागडे असते. त्यातील यंत्रणा, थर देणारे धातूचे गोळे आणि तापमान-दाबाच्या पाककृती यांवर युरोप-जपानमधील कंपन्यांचा वरचष्मा आहे. लिश्टेनश्टाइनमधील बाल्झर्स गावी १९४६ मध्ये सुरू झालेल्या आणि आता ऑर्लिकॉन समूहात असलेल्या कंपनीने हत्यारांवरील सोनेरी थर जगभर पोचवला. तिच्या भारतीय कंपनीचे मुख्य ठाणे पुण्यातच आहे. त्यामुळे मावळातील टूलरूमला थर देऊन आणणे अवघड नाही. पुन्हा धार लावलेल्या हॉब किंवा ड्रिलवर नव्याने थर चढवून घेण्याची सोयही जवळ आहे. पण सेवा विकत मिळणे आणि तंत्र अवगत असणे यांत अंतर आहे. कोणत्या कामाला कोणता थर, किती जाडीचा, हे ठरवण्याची कुवत पुरवठादाराकडेच राहिली, तर येथील उद्योजक कायम गिऱ्हाईकच राहील.

वस्तुतः पुणे परिसरात या ज्ञानाची बैठक आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १९८० च्या दशकापासून आयनांचा मारा व प्लाझ्मा यांवर संशोधन झाले आहे. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०२२ मध्ये विद्यापीठ बनलेल्या सीओईपीत धातुशास्त्राची परंपरा आहे. वाहनांच्या चाचण्यांसाठी एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि शेड यांना जोडणाऱ्या पुलाची. गुजरातेत गांधीनगर येथे प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढले आणि प्रयोगशाळेतील तंत्र कारखानदारांना हस्तांतरित केले. त्याच गुजरातेकडे तळेगावचा सेमीकंडक्टर प्रकल्प वळला, तेव्हा येथे अश्रू ढाळणाऱ्यांनी या केंद्राची आठवण ठेवली नाही. गुजरातेतील तो संयुक्त प्रकल्पही जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडल्याने मोडला, ही गोष्ट वेगळी. चिपनिर्मिती असो वा ड्रिलवरचा थर, निर्वात पेटी आणि आयनांवरील हुकमत या दोन्हींच्या मुळाशी आहे. ती हुकमत असलेले हात तयार नसतील, तर प्रकल्प आला तरी वरची कामे बाहेरचेच करणार.

मार्ग सामायिक केंद्राचा

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरने सामायिक सुविधांचा एक नमुना घालून दिला आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूहांना सामायिक सुविधा केंद्रासाठी केंद्र सरकारची साह्य योजनाही आहे. तळेगाव-टाकवे पट्ट्यासाठी असे एक केंद्र उभारून त्यात आयन-थराची दोन-तीन यंत्रे, थराची जाडी व पकड मोजणारी उपकरणे आणि सांडपाण्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था असलेला मुलामा विभाग एका छताखाली आणता येईल. आज विखुरलेल्या टाक्यांवर देखरेख ठेवणे प्रदूषण नियंत्रण मंडळालाही जिकिरीचे जाते. त्या एकत्र आल्या, तर तपासणी सोपी होईल आणि प्लेटिंगवाल्याला नवे तंत्र शिकण्याची वाटही मिळेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रोप्लेटरचा अभ्यासक्रम अनेक वर्षे आहे. त्याच विद्यार्थ्याला निर्वात पंप, गळती शोधणे आणि पृष्ठभागाची स्वच्छता यांचे शिक्षण दिले, तर तो टाकीवरून पेटीवर जाऊ शकेल.

विजेवरील मोटारी आल्यावर इंजिनेच उरणार नाहीत, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. टॅपेट आणि इंजेक्टर कमी होतील. पण विजेच्या मोटारीतही गिअर आणि बेअरिंग राहणारच. तिच्या हलक्या सांगाड्यासाठी ॲल्युमिनियमचे कातकाम वाढेल आणि हत्याराला चिकटण्याची ॲल्युमिनियमची खोड मोडण्यासाठी डीएलसीचा थर उपयोगी पडतो. भाग बदलले तरी धातूचे घासणे संपत नाही.

मावळात पुढील काही वर्षांत आणखी कारखाने येतील, काही जातील. २०२० चा अनुभव सांगतो, की मोठ्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी तालुक्यात शिल्लक राहते ते येथील माणसांनी आत्मसात केलेले कसब आणि येथील नद्यांचे पाणी. कोणत्याही नव्या गुंतवणुकीचे स्वागत करताना या दोन्हींचा हिशेब आधी मागितला गेला पाहिजे. तो मागण्याची वेळ ह्युंदाईच्या निमित्ताने पुन्हा आली आहे.